वैऱ्यावर दया करायची कशी, म्हणजे नेमकं काय करायचं

'सगळ्यांना माफ करून टाका, मन हलकं होईल' हा सल्ला देणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका. मी नागपुरात नऊ-दहा वर्षं रोज सकाळी दयेची साधना करतोय आणि मला सगळ्यात जास्त मागे कोणी खेचलं असेल तर याच सल्ल्याने.

दुसरा तसलाच सल्ला म्हणजे 'सगळे धर्म एकच सांगतात'. नाही सांगत. ख्रिस्ती शिकवणीत देवाने तुमच्यावर आधी दया केली म्हणून तुम्ही दुसऱ्यावर करायची. बौद्ध मार्गात मैत्रीभावना, म्हणजे 'भलं होवो' असं मनापासून इच्छिण्याची साधना, स्वतःपासून सुरू होते. गीतेच्या 12व्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना पहिला शब्द 'अद्वेष्टा' आहे, मैत्री आणि करुणा त्याच्या मागून येतात, म्हणजे आधी द्वेष उपसायचा. तिघांची खिचडी करू नका, एक वाट धरा आणि अडलं की बाकीच्यांना विचारा. मी बौद्ध क्रम धरला.

सकाळी 20 मिनिटं बसायचं, उन्हाळ्यात साडेपाचलाच, नंतर इथे डोकं चालत नाही. पहिले आठ-दहा दिवस फक्त स्वतःसाठी, मी सुखी असो, माझं वैर संपो. मग आदर वाटतो असा माणूस, मग जवळचा मित्र. मग ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असा कोणी, मी सीताबर्डीवरचा रोज दिसणारा ऑटोवाला घेतला. इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

आता वैरी. माझ्या नात्यातल्याच एकाने धंद्यात माझे तीन लाख बुडवले होते आणि मी कुठेतरी ऐकलं की सगळ्यात अवघड माणसापासून सुरुवात करा, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला समोर घेऊन बसलो. पंधरा दिवसांत राग दुप्पट झाला, रात्री झोप येईना, बायकोवर ओरडायला लागलो. बौद्ध आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात, म्हणजे 5व्या शतकात, स्पष्ट लिहिलंय की वैऱ्यापासून सुरुवात करायची नाही, ते मी फार उशिरा वाचलं. तुम्ही ही चूक करू नका. राग उसळला की लगेच मित्रावर परत या, तिथे मन ओलं झालं की पुन्हा वैऱ्याकडे जा, एका बैठकीत असं पाच वेळा झालं तरी चालतं.

तरी जमलं नाही तर त्याच ग्रंथात उपाय आहेत. त्याचं वागणं, बोलणं, मन यातलं जे एक बरं असेल तेवढंच बघा. मला आठवलं की तो त्याच्या म्हाताऱ्या आईला स्वतःच्या हाताने जेवू घालायचा, आणि तिथे पहिल्यांदा गाठ सैल झाली. दुसरा उपाय, राग नेमका कशावर आहे ते विचारा, त्याच्या केसांवर, नखांवर, दातांवर? बऱ्याच जणांना हा लागू पडतो, मला नाही पडला. तिसरा म्हणजे दान, त्याला स्वतःच्या हाताने काहीतरी द्या. डिसेंबरात आंबिया बहाराची एक पेटी संत्री घेऊन मी त्याच्या दारात गेलो, बोललो काहीच नाही, पण परत येताना छाती मोकळी होती. महिनाभर बसून जे झालं नव्हतं ते त्या पेटीने केलं.

पण त्याच्यावरची चेक बाउन्सची केस मी मागे घेतली नाही, आणि यावर लोक मला खूप ऐकवतात. तुकोबा म्हणतात, 'दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें', म्हणजे काटा काढणं हेही दयेतच येतं. योगसूत्रांत पतंजलीही दुःखी माणसासाठी करुणा सांगतात आणि पापासाठी उपेक्षा, दोन वेगळ्या गोष्टी. मात्र बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला तो चाकर, स्वतःचं डोंगराएवढं कर्ज माफ झाल्यावरही शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरणारा, तो मला अजून टोचतो. म्हणून तारखेला जाण्याआधी मी दहा मिनिटं बसतो, आणि मनात त्या नातेवाइकाला चिरडायची इच्छा दिसली तर त्या दिवशी वकिलाला बोलू देतो, मी गप्प राहतो.

शेवटची पायरी हातांची, ती सोडू नका. ख्रिस्ती परंपरेत दयेची सात शारीरिक कामं मोजतात, भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची भेट वगैरे. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया आहे आणि लगेच त्यांचा सांभाळही आहे. नागपूरच्या मे महिन्यात पाणपोई हे सगळ्यात सोपं काम. माठ सावलीत ठेवा, ओलं पोतं गुंडाळा, सकाळी सातच्या आत भरा, आणि दुपारी बाराला पुन्हा कोण भरणार ते आधीच ठरवा, बाराच्या पुढेच माणसं जास्त येतात.