स्वादुपिंडाचा कर्करोग: पोट उघडण्याआधी दुर्बिणीतून सोनोग्राफी

सीटीवर गाठ काढण्याजोगी दिसली, तरी यकृताच्या पृष्ठभागावरचे किंवा पोटाच्या आवरणावरचे ज्वारीच्या दाण्याएवढे डाग सीटीतून निसटतात. एडिनबरा इथल्या सर्जननी १९९५ साली ४० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या १४ जणांत असा पसरलेला आजार छोट्या छिद्रातून पोटात घातलेल्या दुर्बिणीनं (लॅपरोस्कोपी) सापडला. आजचे सीटी अधिक बारीक आहेत, म्हणून मी ही तपासणी सरसकट करत नाही. गाठ मोठी किंवा स्वादुपिंडाच्या शेपटीकडची (डाव्या टोकाची) असेल, सीए १९-९ (रक्तातला कर्करोगाचा मार्कर) फार वाढलेला असेल, वजन झपाट्यानं उतरलं असेल, तर मात्र करतोच. कावीळ असताना सीए १९-९ उगीच फुगतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आधी नुसतं डोळ्यांनी बघा: डायाफ्राम (छाती-पोटामधला पडदा), यकृत, मेसेंटरी (आतड्यांना धरून ठेवणारा पडदा), ओटीपोट. संशयास्पद डागाचा तुकडा फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या झटपट तपासणीला) पाठवा. कर्करोग निघाला तर तिथेच थांबा, पुढे सोनोग्राफीचा प्रोब घालायची गरज नाही.

काही सापडलं नाही तर १० मिमीचा, टोक वळणारा प्रोब उजव्या बाजूच्या पोर्टमधून (छिद्रातल्या नळीतून) घाला. सुरुवात यकृतापासून. प्रोब अलगद टेकवा. दाबलात तर शिरा चपट्या होतात आणि चित्र फसवतं. पोर्टल व्हेनच्या (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेच्या) फांद्यांचा माग काढत यकृताचे आठही सेगमेंट (भाग) बघा. इथे घाई करणारे मला मुळीच पटत नाहीत, कारण खोलवरची छोटी गाठ इथेच सापडते.

मग स्वादुपिंड. रायल्स ट्यूबनं (नाकातून जठरात घातलेल्या नळीनं) जठरातली हवा काढून घ्या, वर थोडं सलाईन सोडा आणि जठरावरूनच प्रोब फिरवा. स्प्लेनिक (प्लीहेकडून येणारी) शीर आणि आतड्याकडची शीर मिळून पोर्टल व्हेन होते, तो संगम ही आपली खूण. तिथून उजवीकडे स्वादुपिंडाचं डोकं, डावीकडे स्प्लेनिक शिरेच्या कडेनं शेपटी. गाठ काळसर दिसते. शिरेच्या भिंतीची पांढरी रेषा सलग असेल तर शीर बहुधा मोकळी आहे. रेषा तुटली असेल तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावा, पण तेवढ्यावर ‘निघणार नाही’ असं जाहीर करू नका. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट (नळी) बसवल्यानंतरची सूजही हुबेहूब तशीच दिसते, आणि शिरेचा तुकडा काढून ती पुन्हा जोडता येते. एसएमए (आतड्यांची मुख्य धमनी) आणि सिलिअॅक धमनी (जठर, यकृत, प्लीहेकडे जाणारी) गाठीनं वेढलेली दिसली, तर सीटी पुन्हा स्क्रीनवर लावून रेडिओलॉजिस्टसोबत बघा.

‘कदाचित छोट्या छिद्रांवरच थांबू, आणि मग केमोथेरपी लवकर सुरू करता येईल,’ हे रुग्णाला आणि घरच्यांना आदल्या दिवशीच, बसून, नीट समजावून सांगा.