अंधाऱ्या माजघरात अ‍ॅग्लोनिमा कसा जगवावा

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात माजघराला खिडकी नाही. उजेड येतो तो ओसरीच्या दारातून आणि छताच्या एका झरोक्यातून. उन्हाळ्यात तिथं बसलं की उठू वाटत नाही, पण तिथं एखादं झाड टिकेल यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता, कारण पहिले दोन अ‍ॅग्लोनिमा मी तिथंच मारले आणि खापर अंधारावर फोडलं. तिसरं झाड त्याच कोपऱ्यात सहा वर्षं उभं आहे. अंधार तेवढाच आहे, बदललं ते पाणी.

आपल्याकडे हे झाड अंधाराने सहसा मरत नाही. ते बोअरच्या खारट पाण्याने मरतं, नाहीतर आपल्या मायेने. पुण्या-मुंबईच्या हवेसाठी सांगितलेले नियम लातूर-परभणीत जसेच्या तसे चालत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

आधी झाड ओळखा

अ‍ॅग्लोनिमा हा अळू-सुरणाच्या कुळातला. ईशान्य भारतापासून थेट न्यू गिनीपर्यंतच्या दमट जंगलांत, उंच झाडांच्या बुडाशी तो वाढतो. वरून गाळून आलेल्या उजेडावर जगायची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, म्हणून आपलं माजघर त्याला परकं वाटत नाही. शॉट नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये याला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, अर्थ ‘चमकदार धागा’. नर्सरीत मात्र ‘चायनीज एव्हरग्रीन’ म्हटलं तरी कळतं.

खरा घोळ होतो डिफेनबेकियाशी. दोन्हींच्या पानांवर पांढरे-पोपटी शिंतोडे, दोन्ही एकाच कुळातली, आणि नर्सरीवालाही कधी कधी एकाच्या नावाने दुसरं देतो. डिफेनबेकिया मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातला. त्याचं खोड उसाच्या कांडीसारखं जाड आणि पेरापेरांचं, पानं मोठी, रुंद आणि जरा मऊ. तो एकट्या खोडावर सरळ वर जातो. अ‍ॅग्लोनिमाचं खोड बोटाएवढं, पानं निमुळती आणि चामड्यासारखी जाडसर, आणि अर्धापूरकडच्या केळीला मुनवे फुटावेत तशी बुडातून बाजूला नवी खोडं येतात. त्यामुळे कुंडी झुडपासारखी भरते. आमच्याकडे वसमतहून पाहुणे आले होते, त्यातल्या आत्याबाई कुंडीपुढे थांबून म्हणाल्या, “हळद लावलीस व्हय गं घरात?” पानाचा आकार पाहिला तर त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

झाडाला फूल आलं असेल तर शंकाच उरत नाही. दोन्हींत मधे एक दांडा आणि त्याला कवेत घेणारं फिकट हिरवं आवरण असतं. डिफेनबेकियात दांड्याचा खालचा भाग त्या आवरणाला पाठीमागून चिकटलेला असतो, अ‍ॅग्लोनिमात तो मोकळा असतो. पान उलटून पाहिलं आणि खालची बाजू जांभळट दिसली, शिवाय रात्री पानं वर उचलून मिटल्यासारखी झाली, तर ती बहुधा कॅलेथिया. तिला आपली कोरडी हवा अजिबात सोसत नाही. पहिल्यांदा झाड लावताय तर तिच्या नादी लागू नका.

कुठला रंग घ्यायचा

अंधाऱ्या जागेसाठी गडद हिरवा, फार तर हिरव्यावर चंदेरी पट्टे असलेला घ्या. गुलाबी, लाल, ‘लिपस्टिक’ म्हणून विकतात ते दिसायला देखणे, पण त्यांना खिडकीजवळचा भरपूर उजेड लागतो. माजघरात दोन महिन्यांत त्यांचा लाल रंग फिका पडतो आणि दुकानदाराने फसवलं असं आपल्याला वाटत राहतं.

हे झाड हवा शुद्ध करतं असंही कुणीतरी सांगेलच. १९८९ मध्ये नासाने केलेल्या प्रयोगात अ‍ॅग्लोनिमाही होता हे खरं, पण ते प्रयोग बंद पेटीतले होते. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरात एका कुंडीने हवेत फरक पडत नाही. झाड आवडलं तर घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

जागा

दुपारी बाराला दिवा न लावता त्या जागी पेपर वाचून पाहा. ठळक बातम्या आणि मजकूर दोन्ही वाचता आले तर हिरवा अ‍ॅग्लोनिमा तिथं जगेल. फक्त ठळक मथळेच दिसत असतील तर जगेल पण वाढणार नाही, मग आठवड्यातून दोन-तीन दिवस त्याला ओसरीवर सावलीत ठेवा. थेट ऊन मात्र कधीच नको. एप्रिल-मेचं ऊन तासाभरात पानावर भाजल्यासारखे डाग पाडतं, आणि ते डाग परत जात नाहीत.

कूलरसमोर कुंडी ठेवू नका. ओलसर वारा म्हणजे चांगलंच, असं मलाही वाटायचं. पण सतत अंगावर येणारा झोत पानांच्या कडा वाळवतो. कूलरच्या खोलीत, पण झोताच्या बाहेर ठेवलं तर मात्र उन्हाळा सुखाचा जातो.

माती

आपली काळी माती कापसाला सोनं आणि कुंडीला विष. ओली झाली की फुगून घट्ट बसते, वाळली की भेगा पडतात, मुळांना हवा मिळत नाही. नर्सरीवाल्यानेही काळी मातीच भरून दिली असेल तर घरी आणून आठ दिवसांनी ती माती बदला. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटमध्येही मीठ असतं, म्हणून ते आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. कुंडी मुळांपेक्षा दोन बोटंच मोठी हवी. मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मूळकूज सुरू होते.

पाणी, म्हणजे सगळं

पहिली दोन झाडं मी आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यावर वाढवली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हापासून एक थेंबही सांडायचा म्हणजे जिवावर येतं. तो पाईप मी बादलीत सोडायचे आणि ते पाणी कुंडीत. चूक कुठं होती ते नंतर लक्षात आलं: आरओ मशीन पाण्यातले क्षार काढून त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतं. म्हणजे मूळ बोअरपेक्षाही खारट पाणी मी प्रेमाने झाडाला घालत होते. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग कुंडीच्या कडेला पांढरी पपडी धरली, मग पानं पिवळी. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचंही तसंच. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

मग काय घालायचं? पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस छत धुऊन जाऊ द्या आणि नंतरचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरा. एका कुंडीला आठवड्याला पेला-दीड पेला लागतो, त्यामुळे वीस लिटरचा एक कॅन एका झाडाला वर्षभर पुरतो. घरात किंवा शेजारी एसी असेल तर त्याचं थेंबाथेंबाने गळणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतातच. यातलं काहीच नसेल आणि बोअरचंच घालावं लागत असेल, तर पावसाळ्यात दोनदा कुंडी अंगणात नेऊन भरपूर पाणी ओता. ते तळातून वाहून जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतील.

किती दिवसांनी, हे कॅलेंडर सांगत नाही. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला, माती कोरडी लागली तरच पाणी. उन्हाळ्यात साधारण पाच-सहा दिवसांनी, थंडीत बारा-पंधरा दिवसांनी पाळी येते. घालताना पाणी तळातून बाहेर येईपर्यंत घाला, मग बशीतलं ओतून द्या. पान मान टाकतंय आणि माती ओली आहे, अशा वेळी पाणी कधीच वाढवू नका. ते तहानेचं नाही, मुळं कुजल्याचं लक्षण आहे. माझ्या घरातले सगळे जण येता-जाता त्याला पेला पेला पाणी घालायचे. शेवटी कुंडीला चिठ्ठी लावली, “रविवारी फक्त मी.” लेकरं हसली, पण झाड जगलं.

थंडी, धूळ, पिठ्या ढेकूण

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा एक आकड्यावर येतो, आणि हे झाड बारा-तेरा अंशांच्या खालीच कुरकुर करायला लागतं. तेव्हा कुंडी दारापासून लांब सरकवा, आणि पहाटेचं टाकीतलं गारढोण पाणी घालू नका. खत फक्त जून ते ऑक्टोबर, दोन महिन्यांतून मूठभर गांडूळखत पुरे.

आपल्याकडची धूळ पानांवर बसली की आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो. पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा. तेल-दूध लावून चमकवायच्या भानगडीत पडू नका. पुसताना पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सॅनिटायझरमध्ये बुडवलेल्या कापसाने तो उचलून काढा, आठ दिवसांनी परत बघा.

एकाची चार झाडं

तीन-चार वर्षांत खोड लांब आणि उघडं होतं, पानं फक्त शेंड्याला राहतात. मृग लागला, हवा दमट झाली की शेंड्याचा वीतभर तुकडा धारदार सुरीने कापा. हातात पिशवी घाला, कारण याचा चीक अळूसारखाच खाजतो. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, चावलं तर तोंड जळजळतं. म्हणून रांगतं लेकरू आणि कुत्रं-मांजर यांच्यापासून लांबच ठेवा. त्याची लाल फळंसुद्धा खायची नाहीत. तुकडा पावसाच्या पाण्यात ठेवला की तीन-चार आठवड्यांत मुळं दिसतात, मग कुंडीत लावा.

खाली उरलेलं बोडकं खोड उपटू नका. पाणी कमी करून तसंच राहू द्या, दीड-दोन महिन्यांत बाजूने डोळा फुटतो. आमच्या जाऊबाईंच्या ओसरीवरचं झाड अशाच मी उकिरड्यावर टाकायला निघालेल्या खोडाचं आहे, आणि आता ते माझ्यापेक्षा भारी झालंय.