स्वीडनमधली पहिली नोकरी: आगाऊ रजेवर सही करण्याआधी

स्टॉकहोमला येऊन चौथं वर्ष चालू आहे, तरी ती पगाराची स्लिप आठवली की अजून पोटात गोळा येतो. म्हणून आधी तेच सांगते.

कायद्याने वर्षाला 25 दिवस रजा मिळते हे तुम्हाला माहीत असेलच. पण पगारी रजा आधी कमवावी लागते. कायद्यातलं रजेचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. या वर्षी काम करा, पगारी रजा पुढच्या वर्षी. नव्या माणसाला रजा मिळते, पण बिनपगारी. म्हणून बऱ्याच कंपन्या 'फोरस्कॉट्ससेमेस्टर', म्हणजे आगाऊ पगारी रजा देतात. देतात म्हणजे उसनी देतात! रजा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत तुम्ही आपणहून नोकरी सोडलीत, तर ते पैसे शेवटच्या पगारातून कापता येतात. काम नाही म्हणून कंपनीनेच काढलं, तर नाही.

भावाच्या लग्नाला मी चार आठवडे पुण्याला गेले. पगार पूर्ण आला, मी निर्धास्त. दीड वर्षाने नोकरी बदलली आणि शेवटच्या स्लिपवर त्याच शब्दापुढे वजा 20 दिवस. घरभाडं तोंडावर आलेलं, नवा पगार थेट 25 तारखेला. त्या रात्री मी रडले.

सही करताना इथल्या एका जुन्या दादांना विचारलं होतं. "सगळेच करतात गं," म्हणाले. माझं स्पष्ट मत आहे, दहा वर्षं इथे राहिलेल्या माणसालाही स्वतःच्या कराराइतकंच कळतं. युनियनचे सभासद व्हा, करार त्यांना दाखवा. इथे किमान वेतनाचा कायदाच नाही, पगार युनियन आणि कंपन्यांमधल्या सामूहिक करारांतून ठरतात. आपल्या कंपनीत असा सामूहिक करार आहे का, हे विचाराच. बेकारी विम्याच्या 'आ-कासा'चा अर्ज वेगळा, तो पहिल्याच आठवड्यात भरा.

बाकी घाबरू नका. जुलैत सलग चार आठवडे गेलात तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. मूल आजारी पडलं तर घरी थांबणं हा हक्क आहे. फिकाला, म्हणजे सगळ्यांनी मिळून घ्यायच्या कॉफीच्या सुट्टीला, मात्र जा. मी सुरुवातीचे महिने कॉफी जागेवरच पीत होते, आणि टीममधल्या निम्म्या गोष्टी मला उशिरा कळत होत्या.

नव्या नोकरीत मी एचआरला एकच मेल केला: माझ्या रजेतले आगाऊ दिवस किती? दोन ओळींत लेखी उत्तर आलं, सगळेच. मी नको म्हटलं. त्या उन्हाळ्यात दहा दिवस बिनपगारी घेऊन आईला भेटून आले.