कस्टम ठासणीची बंदूक बनवून घेताय? मग नळी किती इंची घ्यायची ते आधी ठरवा

कारागिराकडे ऑर्डर द्यायला गेलात की तो पहिले तीन प्रश्न विचारतो, बोअर (नळीच्या आतलं भोक) किती, लॉक (दारू पेटवणारी यंत्रणा) कुठलं आणि नळी किती इंची. पहिल्या दोन्हींची उत्तरं बहुतेकांकडे तयार असतात (इथे पेनसिल्व्हेनियात तरी २० गेजचा बोअर आणि चकमकीचं लॉक हेच जास्त), पण तिसऱ्याला आपण जुन्या बंदुकांचे फोटो आठवतो आणि बोलून टाकतो, ४६ इंच. मीही तेच केलं होतं. बंदूक देखणी झाली यात वाद नाही, पण माझी उंची पाच फूट चार इंच, आणि दस्ता जमिनीला टेकवून ती उभी धरली की नळीचं तोंड बरोबर माझ्या कपाळाशी यायचं. त्यात दारू ओतायची म्हणजे बंदूक पार आडवी कलती करायची, मापातली दारू आत गेली की बाहेर सांडली ते दिसायचं नाही, आणि वारा असला की अर्धी हातावर. सगळ्यात वाईट म्हणजे नकळत चेहरा नळीच्या तोंडासमोर यायचा, जे ठासणीच्या बंदुकीत कधीच, म्हणजे कधीच होता कामा नये.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नळीची लांबी आधी तुमच्या उंचीवर ठरते, मग तुम्ही कुठे फिरणार त्यावर, आणि शेवटी बंदूक कुठल्या काळातली हवी त्यावर. ताकदीचा नंबर यात जवळजवळ लागतच नाही.

आधी ताकदीचंच बघू, कारण सगळे तिथेच अडकतात. काळी दारू बरीच लवकर जळते, त्यामुळे गोळीला जोर मिळतो तो मुख्यतः नळीच्या मागच्या भागात, पुढे जसजशी नळी लांबते तसतसा प्रत्येक इंचाचा फायदा कमी कमी होत जातो. ३६ आणि ४६ इंची नळीत तोच बार भरला तर वेगात फरक पडतो, नाही असं नाही, पण तो थोडी दारू वाढवून भरून निघण्याइतकाच असतो (नळी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत राहूनच, अंदाजाने दारू वाढवायची नाही). छर्ऱ्यांचं तर आणखी सोपं, नळी लांब म्हणून छर्रे एकत्र राहतात हा गैरसमज आहे, ते ठरतं चोकवर (नळीच्या तोंडाजवळ बोअरला दिलेला वेगळा आकार), वॅडवर (दारू आणि छर्रे यांच्यामधली चकती) आणि बारावर (भरलेली दारू आणि छर्रे). साध्या सरळ नळीतून २५ यार्डांपर्यंतच छर्ऱ्यांवर भरवसा ठेवावा, मग ती ३६ ची असो की ४६ ची.

मग जुने लोक एवढ्या लांब नळ्या का वापरायचे? सैन्यात दोन कारणं होती, मागच्या रांगेतल्या शिपायाच्या नळीचं तोंड पुढच्याच्या कानापासून बरंच पुढे जायला हवं, आणि संगीन लावल्यावर पोच मिळायला हवी. ब्राउन बेस या ब्रिटिश सैन्याच्या ठासणीच्या बंदुकीची पहिली लाँग लँड पॅटर्न ४६ इंची, नंतरची शॉर्ट लँड ४२ इंची, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या पलटणींसाठी जी बनायची ती ३९ इंची. १७९० च्या दशकात फ्रान्सशी युद्ध पेटलं, बंदुका कमी पडल्या, तेव्हा ब्रिटिश सरकारने कंपनीच्याच बंदुका उचलल्या आणि १७९७ पासून तीच इंडिया पॅटर्न म्हणून सगळ्या सैन्यासाठी बनवायला घेतली. सात इंच कमी झाले आणि कुणाचं काही अडलं नाही, हे मला फार बोलकं वाटतं. शिकारीच्या बंदुकांचंही तेच, लंडनच्या हेन्री नॉकने १७८७ मध्ये नव्या ब्रीचचं (नळीच्या मागच्या, दारू पेटते त्या टोकाचं) पेटंट घेतलं, त्याने दारू झटकन पेटायला लागली आणि पुढे इंग्लिश शिकारी बंदुकांच्या नळ्या तीस-बत्तीस इंचांवर आल्या.

आता उंचीचं माप, हे घरी बसून पाच मिनिटांत होतं. अशा बंदुकीत नळीच्या मागे लॉक, चाप आणि दस्ता मिळून साधारण १६ इंच जातात, ब्राउन बेसचीच मापं घ्या, ४६ ची नळी तर बंदूक ६२, ३९ ची नळी तर बंदूक ५५. दस्ता आखूड करून घेणार असाल तर अर्धा-एक इंच इकडेतिकडे. एक झाडूची काठी किंवा प्लंबिंगचा पाइप घ्या, शिकारीला घालता तेच बूट घाला (हे विसरू नका, बुटाने इंच-दीड इंच फरक पडतो), काठी डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर उभी करा आणि हनुवटीच्या किंचित खाली खूण करा. त्या उंचीतून १६ वजा करा, येईल ती तुमची जास्तीत जास्त नळी. माझी खूण ५५ वर आली म्हणजे ३९. माझा नवरा पाच फूट दहा, त्याची ६१ वर, तो ४४-४५ आरामात वापरू शकतो.

खूण केली की काठी तिथे कापून टाका आणि खोटं खोटं भरून बघा. काठी तोंड बाहेरच्या बाजूला करून जराशी कलती धरा, चहाच्या चमच्याने ओतल्यासारखं करा, मग गज (दारू-गोळी ठासायची लाकडी दांडी) खेचून काढायची आणि ठासायची नक्कल करा. गज नळीएवढाच लांब असतो हे लक्षात घ्या, ४६ इंची गज एका हिसक्यात बाहेर येत नाही, दोन-तीनदा पकड बदलावी लागते. आणि ठासताना नळीच्या तोंडापासून सहा-आठ इंचांवरच पकडायचा, वर पकडून जोर लावला तर हिकरीचा गज वाकतो आणि मोडला तर त्याची टोकदार फाक थेट तळहातात जाते. दंडाला किंवा खांद्याला ओढ बसतेय असं वाटलं तर काठी आणखी दोन इंच कापा, लाजू नका.

मग जागा. झुडपातून, दाट रानातून फिरणार असाल, इथली ख्रिसमसनंतरची फ्लिंटलॉक (चकमकीच्या बंदुकांची) सीझन हरणासाठी करणार असाल, तर ३६ ते ३८ पुरे, कारण लांब नळी प्रत्येक फांदीत अडकते आणि बर्फात ती वर धरून चालताना दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो. उघड्या जागी उडते पक्षी मारायचे असतील तर ४०-४२ ला मजा येते, नळी एकदा फिरायला लागली की आपोआप फिरत राहते, मध्येच थांबत नाही. आणि नुसती टार्गेट मॅच असेल तर लांब नळीचा एक खरा फायदा आहे, या बंदुकांना मागे साइट नसते, पुढे फक्त माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेम धरायचा छोटा उंचवटा), मागची साइट म्हणजे तुमचा डोळाच, त्यामुळे माशी जितकी लांब तितकी नेमातली चूक कमी. त्या फायद्यासाठी ४४ घेतलीत तर मी अडवणार नाही, फक्त काठीची परीक्षा पास व्हायला हवी.

वजनाबद्दल एक सांगते, लांबीवरून वजन ओळखू नका. मागे अष्टकोनी आणि पुढे गोल होत पातळ होणारी ४२ इंची नळी ही एकसारख्या जाड ३६ इंचीपेक्षा हातात हलकी लागू शकते. कारागिराला विचारा की नळीचं वजन किती आणि तोंडाशी भिंत किती जाड, आणि शक्य असेल तर आधी कुणाचीतरी तशी बंदूक खांद्याला लावून बघा. केम्प्टनला बंदूक कारागिरांची जत्रा भरते तिथे मी एका दुपारी सात-आठ बंदुका खांद्याला लावल्या आणि तेव्हा कुठे मला कळलं की मला त्रास लांबीचा कमी आणि पुढच्या भाराचा जास्त होत होता.

"लांब घेते, नको वाटली तर कापू" असं मनात असेल तर थांबा. पुढून कापता येते हे खरं, पण अष्टकोनी भाग साधारण नळीच्या एक तृतीयांश ठेवलेला असतो, दहा इंच कापलेत की ते प्रमाण बिघडतं आणि बंदूक खुजी दिसते, माशी पुन्हा बसवायची, दस्त्याचा पुढचा भाग आणि गज दोन्ही कापायचे. जग चोक करून घेतला असेल, म्हणजे नळीच्या तोंडाच्या जरा आत बोअर किंचित रुंद केलेला असेल, तर तो कापण्यात निघूनच जातो, म्हणून आधी लांबी पक्की करा आणि मगच चोक. मागून, ब्रीचकडून कापायचा तर विचारही नको, जिथे सगळा दाब येतो तिथलीच जाडी कमी होते.

गावाकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक ठेवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही काठीचा हिशोब तोच लागू, फक्त भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि नळीत काहीही बदल करायचा तर तो लायसन्सवाल्या कारागिराकडूनच, घरी हॅकसॉ घेऊन बसायचं नाही.

मी दुसरी बंदूक ३८ इंची करून घेतली. ऑर्डरच्या कागदावर नुसतं "३८ इंच" न लिहिता "नळी ३८ इंच, ब्रीचच्या टोकापासून तोंडापर्यंत, मागची पट्टी न धरता" असं लिहून घेतलं, कारण नळीच्या मागे लाकडात बसणारी जी पट्टी असते तिच्यासकट कुणी मोजतं कुणी तिच्याशिवाय, आणि आत ब्रीच प्लग (नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच) अर्धा-पाऊण इंच खातो तो वेगळाच. सोबत दस्त्याची लांबी, बंदुकीची एकूण लांबी आणि गज नळीच्या तोंडाबाहेर किती राहणार हेही लिहा. आणि एकूण लांबी हातात आली की त्याच दिवशी गाडीची डिकी आणि बंदुकीची केस मोजा, माझी ६२ इंची कुठल्याच साध्या केसमध्ये बसली नव्हती.