घरच्या साबणाचा रंग एकसारखा येण्यासाठी

साबणाचा रंग बिघडला की शिकाऊ माणूस आधी रंगाची पुडी बदलतो. दोष पुडीचा क्वचितच असतो. वडी कापून नीट बघा: ठिपके आहेत, काचेसारख्या पारदर्शक शिरा आहेत, की मधोमध गडद गोल आहे? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

कोल्ड प्रोसेसची, म्हणजे तेल आणि सोड्याचं पाणी शिजवत न बसता मिसळून साच्यात ओतायची, साधी कृती धरू. ऑलिव्ह तेल 300 ग्रॅम, खोबरेल 150, एरंडेल 50, कॉस्टिक सोडा 70 आणि डिस्टिल्ड पाणी 140 ग्रॅम. यात सुमारे 5 टक्के तेल साबण न होता जादा राहतं. पाण्यासकट सगळं काट्यावर तोला. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणीही नको.

ठिपके येतात ते रंग नीट न फुटल्यामुळे. कोरडा रंग थेट साबणात टाकू नका. वरच्या मापाला 1 छोटा चमचा मायका, म्हणजे अभ्रकाची रंगीत चमकदार पूड, पुरे. कृतीतल्याच तेलातून 1 मोठा चमचा काढून त्यात तो चमच्याच्या पाठीनं वाटीच्या कडेला घोटा. एक थेंब काचेवर पसरवून उजेडात धरलात, की राहिलेली गुठळी लगेच दिसते. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग फार हट्टी, त्याला दुप्पट वेळ द्या; अर्धा चमचा बास. एकच रंग हवा असेल तर सोड्याचं पाणी ओतण्याआधीच तो तेलात मिसळा. याहून खात्रीचा उपाय आम्हाला माहीत नाही. ब्लेंडर तिरका बुडवून त्याखालची हवा काढा, मग थोडं थोडं फिरवा आणि भांड्याच्या कडा खरवडून घ्या. मिश्रणाची धार वर क्षणभर टिकली की थांबायचं. त्यापुढे घट्ट झालं की साच्यात हवेचे खळगे राहतात.

पारदर्शक शिरा येतात जास्त पाणी आणि जास्त उष्णता एकत्र आल्यावर, आणि टायटॅनियममुळे त्या उठून दिसतात. बरेच जण तेलाच्या 38 टक्के, म्हणजे इथे 190 ग्रॅम पाणी घेतात. ते 140 वर आणलं की शिरा बऱ्याच कमी होतात.

गडद गोलाचं कारण म्हणजे मधला भाग तापून जेल होतो, म्हणजे जेलीसारखा अर्धपारदर्शक होतो, आणि कडा गार राहतात. इथे पुण्याची हवा मधे येते. जानेवारीच्या रात्री साचा उघडा राहिला तर हा गोल हमखास उमटतो. खोबरेलही साधारण 24 अंशांखाली गोठतं, म्हणून थंडीत तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही 38 ते 40 अंशांवर असताना मिसळा. मग साचा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून जुन्या चादरीत गुंडाळा आणि चोवीस तास उघडू नका. मे महिन्यात उलट करा: पांघरूण नको, नाहीतर वडी फुगून तडकते. जेल पूर्ण होऊ द्या किंवा अजिबात होऊ देऊ नका. दुधाचा साबण असेल तर साचा सरळ फ्रिजमध्ये. जेल झालेला रंग गडद दिसतो, न झालेला फिकट. दोन्ही चांगले, अर्धवट मात्र नको.

वरची पांढरी भुकटी म्हणजे उरलेला सोडा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा थर. ओतल्यावर लगेच प्लॅस्टिकनं झाकलं तर ती कमी धरते.

रंग कुठला घ्यायचा? अल्ट्रामरिन आणि आयर्न ऑक्साइड हे खनिज रंग सोड्यात टिकतात. हळद सोड्यात लालसर होते, मग पिवळटते आणि उन्हात विटते. बीट आणि जास्वंद मातकट पडतात. खाण्याचे रंग उडतात किंवा फेसात उतरतात. होळीचे रंग अंगाला लावायच्या साबणात नकोतच. विक्रीसाठी आयएस 4707 भाग 1 या सौंदर्यप्रसाधनांच्या रंगांच्या भारतीय मानकातल्या यादीतलाच रंग घ्या.

सुगंधात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा घटक, असेल तर पांढरी वडी काही आठवड्यांत तपकिरी होते, आणि ते थांबवण्याचा खात्रीचा उपाय नाही. असा सुगंध तपकिरी साबणालाच ठेवा. म्हणून रंगाचा निकाल कापतानाच लावू नका, 4 ते 6 आठवडे वाळू द्या.