होडी वाळूतच रुतली पाहिजे: फसलेला पराक्रम लिहायचा कसा

नायक छाती काढून निघतो आणि हाती काहीच लागत नाही, असा सीन ज्यांना लिहायचाय त्यांच्यासाठी हे. आपल्याकडे कोकणात एकांकिका लिहिणारे, दिवाळी अंकांना कथा पाठवणारे भरपूर आहेत आणि बऱ्याच जणांचं गाडं नेमकं इथेच अडतं. एकतर नायकाची फजिती होते आणि लोक हसतात, नाहीतर वाचणारा म्हणतो की अरे मग एवढं वाचायला लावलंस कशाला. माझं ठाम मत आहे की फसलेल्या पराक्रमाला जिंकलेल्यापेक्षा जास्त तयारी लागते. नायक जिंकला की वाचक मागची पानं विसरतो, हरला की मात्र तो मागे जाऊन शोधतो की हे असं का झालं, आणि तिथे त्याला कारण सापडलंच पाहिजे.

म्हणून पहिलं काम, कारण ठरवा आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवून द्या.

उदाहरणच घेऊ. मालवण-देवगड पट्ट्यातलं खाडीच्या तोंडावरचं एक गाव, पारंपरिक मच्छीमारांचं. बंदी असूनही मासे ओढायला एलईडी दिवे लावलेली मोठी बोट रात्री बाहेर उभी आहे, किनाऱ्यावरून तिचा उजेड दिसतोय, आणि इकडे लोकांच्या जाळ्यात काही लागत नाहीये. गावातला एक तरुण पोरगा खवळतो, दारोदार जाऊन माणसं गोळा करतो, आज जाऊन तिला पकडायचीच म्हणून सगळे होडीकडे धावतात. आणि होडी निघतच नाही कारण ओहोटी लागलेली, खाडीच्या तोंडाला पाणीच नाही.

नुसतं एवढं लिहिलंत तर तो फुसका बार. आता याचं कारण आधी कसं पेरायचं ते बघा. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला भरती आणि त्याच्या सहा तास मागेपुढे, रात्री नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. मग कथेतली रात्र संकष्टीची ठेवा. पोराची आई दिवसभर उपाशी आहे, मोदक वाफवून झालेत, आणि ती आतून विचारते, "चंद्र दिसलो काय रे?" बस, एवढंच. ओहोटीचा उल्लेखसुद्धा करायचा नाही. वाचकाला ते घरातलं साधं वाक्य वाटतं, तो पुढे जातो. नंतर सगळे गुडघाभर चिखलात उभे राहून होडी ढकलतायत, ती इंचभर हलत नाही, आणि पाठीमागून माडांच्या वर चंद्र येतो तेव्हा त्याला कळतं की वद्य चतुर्थीला नऊ वाजता दुसरं काय होणार होतं. समुद्र आपल्या पश्चिमेला, चंद्र उगवतो पूर्वेला, म्हणजे उजेड पाठीवर पडतो आणि समोर एलईडीचा उजेड आहे तसाच. हे असे तपशील खरे असले पाहिजेत, तिथी चुकवलीत तर किनाऱ्यावरचा वाचक त्याच ओळीला पुस्तक मिटेल आणि ते बरोबरच आहे.

आता कोणी विचारेल की मच्छीमाराच्या पोराला ओहोटी कळत नाही का. कळते ना, म्हणूनच तर सीन होतो. अज्ञानातून फसला तर वाचकाला दया येते आणि विषय संपतो, पण माहीत असूनही रागाच्या भरात विसरला तर ते वाचकाच्या अंगावर येतं कारण तो राग त्याला पटलेला असतो, तोही मनातून होडी ढकलतच असतो. एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पाण्याकडे बघून काहीतरी बोलायला जातो आणि आरडाओरड्यात त्याचं ऐकूच जात नाही, असं एक वाक्य टाकलंत की झालं. त्या म्हाताऱ्याला नंतर भाषण मात्र देऊ नका, प्लीज. नव्या एकांकिकांत अर्धा परिणाम त्या भाषणानेच जातो.

योगायोग टाळाच. ऐन वेळी साप चावला, वीज पडली, इंजिन उगाच बंद पडलं, हे लेखकाने नायकाचे पाय ओढणं झालं. नायकाच्याच गोटातली अडचण मात्र चालते. मुरूडच्या जंजिऱ्याची लाय पाटलांची गोष्ट परंपरेने सांगतात ती यासाठी वाचाच. जवळच्याच पद्मदुर्ग किल्ल्याकडचे हे कोळी रात्री सिद्दीच्या पहाऱ्याखालून जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावतात, आता मोरोपंत पिंगळ्यांची माणसं येऊन वर चढायची, आणि ती येतच नाहीत. पहाट व्हायला लागते, लाय पाटील शिड्या काढून परत फिरतात. पुढे शिवाजी महाराज त्यांना पालखी देऊ करतात, तर ते म्हणतात मी दर्यावर फिरणारा माणूस, पालखी घेऊन काय करू, म्हणून महाराज त्यांना गलबत देतात आणि त्याचं नाव ठेवतात 'पालखी'. या गोष्टीत लढाई नाही, तलवारीला तलवार लागत नाही, किल्ला मिळत नाही, तरी ती माणसं आजही सांगतात. कारण काम अर्धं राहिलं असलं तरी लाय पाटलांच्या वाट्याचं काम पूर्ण झालेलं आहे. तुमच्या नायकाच्या वाट्याचं काम नेमकं कुठपर्यंत आहे हे कागदावर लिहून काढा आणि तेवढं त्याला नीट, पूर्ण करू द्या. शिड्या लागल्याच पाहिजेत.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे निघतानाचा जोश मनापासून लिहा. आपल्याला शेवट माहीत असतो म्हणून आपण आधीपासूनच हात आखडता घेतो, वर्णनात हलकेच टिंगल यायला लागते, आणि वाचक ओळखतो की हा पडणार. दशावतार रात्री जागून बघितला असेल तर आठवा, रंगमंचावर एक बाकडं सोडून काही नसतं, संवाद लिहिलेले नसतात, पण पखवाज आणि झांजेवर राजा जेव्हा पाय आपटत लढाईला उभा राहतो तेव्हा पुढे त्याचा वध आहे हे माहीत असूनही अंगावर काटा येतो कारण नट अर्ध्या मनाने उभा राहत नाही. लिहितानाही ती लय वाक्यातून येऊ द्या. माणसं गोळा होतायत, कोणी वल्ही घेतोय, कोणी टॉर्च, कोणाच्या हातात नुसतीच काठी, बायका दारात आल्यात, कुत्री भुंकतायत, सगळे खाली उतरतायत, हे एका दमात लांबच लांब जाऊ द्या. मग छोटं वाक्य. होडी हलली नाही. पखवाज थांबला की जो धक्का बसतो तोच इथे बसतो.

शेवट आधी सांगून टाकायचा की लपवायचा, हा प्रश्न नेहमी येतो. महाभारतात दोन्ही नमुने आहेत. अभिमन्यू तेराव्या दिवशी चक्रव्यूहात शिरण्याआधीच सांगतो की मला आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. पांडव म्हणतात आम्ही मागोमाग येतो, आणि जयद्रथ त्यांना दारातच अडवतो. म्हणजे उणीव त्याची स्वतःची आणि दार बंद करणारा दुसरा, दोन्ही एकाच वेळी, म्हणून ते इतकं घट्ट बसतं. उलट विराटपुत्र उत्तर. अंतःपुरात बढाया मारतो, सारथी मिळाला की कौरवांना पळवून लावतो म्हणतो, आणि सैन्य दिसल्यावर रथातून उडी टाकून पळत सुटतो. इथे धक्का लपवलेला चालतो कारण बढाई हेच पेरलेलं कारण आहे. पण लोक इथेच थांबतात आणि मोठी गोष्ट सोडून देतात. बृहन्नडा, म्हणजे वेष पालटलेला अर्जुन, त्याला पकडून सारथी करते आणि स्वतः लढून जिंकते, म्हणजे पळालेल्या माणसालाही काम मिळतं. आणि तिकडे घरी विराट राजा पोराच्या विजयाने फुलून गेलाय, कंक म्हणून राहिलेला युधिष्ठिर बृहन्नडेचं कौतुक करतो म्हणून रागाने त्याच्या तोंडावर फासा मारतो, नाकातून रक्त येतं, आणि सैरंध्री म्हणून राहिलेली द्रौपदी ते खाली पडू न देता भांड्यात धरते. उत्तराच्या खोट्या विजयाची किंमत युधिष्ठिराच्या नाकाने मोजली.

तर हे तुमच्या कथेतही करा, फसल्यानंतरची किंमत कोणीतरी मोजू दे, आणि शक्यतो नायक सोडून दुसऱ्या कोणी. होडीच्या गोष्टीत बघा, ढकलताना एकाचा खांदा निखळला, हातावर पोट आहे, आता महिनाभर तो समुद्रावर जाणार नाही. पहाटे तीनला भरती आलीच, होडी आपोआप तरंगायला लागली, पण तोवर माणसं पांगली आणि बाहेरचा उजेडही गेला. हा भाग घाईत उरकू नका, माझ्या मते सगळ्यात श्रीमंत जागा हीच आहे.

अपयश एकदम न देता हप्त्याने द्यायचं असेल तर हेमिंग्वेची १९५२ची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही कादंबरी वाचा, पुलंनी ती 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणली. म्हातारा ८४ दिवस रिकाम्या हाताने परतलेला, मग प्रचंड मासा मिळतो आणि परतीच्या वाटेवर शार्क तो खाऊन टाकतात. बघायचं ते हे की हार्पून जातं, मग वल्ह्याला बांधलेला सुरा, तो तुटला की दांडका, शेवटी सुकाणूचा दांडा. प्रत्येक वेळी हत्यार आधीपेक्षा हलकं. तो हरतोय हे कुठेही वेगळं सांगावं लागत नाही.

ड्राफ्ट झाला की एक टेस्ट करा. सुरुवातीचं पेरलेलं वाक्य, म्हणजे आपल्या गोष्टीत आईचं चंद्राबद्दलचं, काढून टाका आणि कथा ज्याने वाचलेली नाही अशा कोणाला तरी द्या. शेवट त्याला तेवढाच पटला तर तुमचं कारण पेरलंच गेलेलं नाही, ते अजून तुमच्या डोक्यातच आहे. मग वाक्य परत घाला, दुसऱ्या कोणाला द्या, आणि तो होडी अडली त्या ओळीवर थांबून मागची पानं उलटतो का ते बघा.