मांजर ट्रे सोडून भलतीकडेच लघवी करतंय? या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी गाद्यांच्या चळतीवर पहिल्यांदा ओल सापडली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काल त्याला गच्चीवर जाऊ दिलं नाहीस ना, त्याचा राग काढलाय." मलाही ते पटलं. बोक्याला मानगुटीला धरून तिथे नेलं, नाक टेकवलं आणि रागावले. पहिली चूक तीच. मांजर सूड म्हणून लघवी करत नाही. रागावल्यावर त्याला एवढंच कळतं, की ही बाई अंगावर येते. मग ते कपाटामागे नाहीतर पलंगाखाली, आपल्याला दिसणार नाही अशा जागी करू लागतं.

दुसरी चूक जिवावर बेतते, म्हणून ती सविस्तर सांगते. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. लघवीतले बारीक खडे किंवा चिकट बुचासारखा मळ त्यात अडकला, की लघवी पूर्ण तुंबते. आमचा बोका संध्याकाळपासून ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, बाहेर येऊन मागचा भाग चाटत होता. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. चमचाभर तूप दिलं आणि सकाळी बघू म्हटलं. रात्री एकला तो मोरीपाशी पडून ओरडायला लागला, उलटी झाली. पोटाला हात लावला तर आत टणक गोळा. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली तेव्हा लाल लघवी आली आणि तो वाचला. असं तुंबलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दीड-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. तेव्हा दोन-तीन वेळा बसून थेंबही आला नाही, तर सकाळची वाट बघू नका. पोट दाबून बघू नका. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजराला ती विषच आहे. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे आजच विचारून ठेवा.

लघवी होतेय, पण थोडी थोडी, वारंवार किंवा रक्ताची छटा असलेली, तरी त्याच दिवशी दाखवा. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक परस्पर सुरू करू नका. तरुण मांजरांत बऱ्याचदा जंतू सापडतच नाहीत, ताणामुळेही मूत्राशयाला सूज येते. लघवी तपासल्याशिवाय ते कळत नाही.

डॉक्टरांनी शरीर ठीक आहे म्हटलं, की मग घराकडे बघा. बोका बरा झाल्यावरही आमच्याकडे अधूनमधून गादी ओली व्हायचीच. शेवटी मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. दहा-बारा दिवसांत दिसलं, की हे एक दिवसाआड होतंय, तेही नर्मदेचं पाणी यायच्या दिवशीच. ट्रे जिन्याखाली ठेवला होता आणि पाण्याची मोटर त्याला लागूनच. हा आत बसला की मोटर दणकन सुरू व्हायची. ट्रे मागच्या खोलीत हलवला आणि गादीवरचा प्रकार थांबला. तुम्हीही तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा.

ट्रेच्या बाबतीत आपण काटकसर करतो, तीही नडते. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, त्यात पसरायची माती, म्हणजे लिटर, दोन-तीन इंच, बारीक आणि बिनवासाचं. गुलाबाचा वास आपल्याला बरा वाटतो, त्याला नाही. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या जागी. रोज दोनदा गोळे काढा. ते कमोडमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. ओल्या कचऱ्यातही नको. तो आमच्याकडे देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटात गॅस बनवायला जातो, तिथे या मातीचं काय काम?

आता फिनाईल. आपल्याकडे लघवी दिसली की हात तिकडेच जातो. पण त्यातली फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि सगळं पोटात जातं. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून घातक वायू तयार होतो. ओल आधी जुन्या सुती कपड्याने टिपून घ्या, घासू नका. मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर भरपूर ओता, गादीत जिथवर लघवी मुरली असेल तिथवर ते पोचायला हवं, आणि आपोआप वाळू द्या. वास राहिला, तर मांजर पुन्हा तिथेच येतं.

उभ्या भिंतीवर किंवा पडद्यावर, शेपटी थरथरवत पिचकारी मारत असेल, तर तो प्रकार वेगळा. ती हद्दीची खूण. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं हे थांबतं, पाच-सहा महिन्यांचा झाला की करून घ्या. गल्लीतला बोका खिडकीत येऊन बसत असेल, तर ती खिडकी खालून झाका.

आणि म्हातारं मांजर ट्रेच्या अगदी शेजारी करत असेल, तर त्याचे गुडघे बघा. उंच कडा ओलांडताना दुखतं. एका बाजूची कड कापून तीन इंचांवर आणा, कापलेल्या जागी टेप लावा. ते पाणीही जास्त पीत असेल, तर मूत्रपिंड आणि साखर तपासायला सांगा.